आदिवासी मुलं शाळा सोडतात, पण नेमकी कुठे सोडतात?

आदिवासी भागातल्या शिक्षणाचा विषय निघाला की शहरातली, खरंच मनापासून मदत करायची इच्छा असलेली माणसं बहुतेक दोनच प्रश्न विचारतात, तिकडे शाळा आहे का आणि आम्ही काय पाठवू, वह्या पाठवू की स्वेटर की जुने लॅपटॉप. प्रश्न चांगल्या मनानं विचारलेले असतात पण त्यातून फार काही हाती लागत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी शाळा आहे, वह्या पण मिळतात, आणि तरीही पहिलीच्या पटावरची कितीतरी नावं दहावी-बारावीपर्यंत दिसेनाशी झालेली असतात. मग ही मुलं जातात कुठे, कधी जातात आणि त्या वेळी कोणी काय केलं असतं तर थांबली असती, हे जरा सरळ भाषेत सांगायचा प्रयत्न करतोय. लेख मोठा आहे, निवांत वाचा.

आधी थोडा अंदाज येऊ दे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या साधारण १ कोटी ५ लाख होती, म्हणजे राज्यातला जवळजवळ दर अकरावा माणूस आदिवासी. नंदुरबार जिल्ह्यात तर शंभरातले ६९. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के होती आणि आदिवासींची ६६ च्या आसपास. आणि आदिवासी म्हणजे काही एकच समाज नाही, भिल्ल आहेत, पावरा आहेत, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर, कोरकू आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती तर इतक्या अडचणीत आहेत की सरकारच त्यांना वेगळ्या, जास्त असुरक्षित गटात धरतं. पालघरमधल्या जव्हारच्या पाड्यावर जे लागू पडतं ते गडचिरोलीतल्या भामरागडला पडेलच असं नाही, आणि निम्म्या योजना इथंच फसतात, कारण त्या सगळ्यांना एकाच मापात बसवतात.

सरकारी यंत्रणा लहान नाही. आदिवासी विकास विभागाच्या राज्यभर सुमारे ५०० सरकारी आश्रमशाळा आहेत आणि संस्था चालवतात अशा अनुदानित साधारण साडेपाचशे. त्याशिवाय जिल्हा परिषदेच्या शाळा, केंद्राच्या एकलव्य शाळा, तालुक्याच्या आणि शहराच्या ठिकाणी मुलामुलींची वसतिगृहं. कागदावर पहिलीपासून पदवीपर्यंत पूर्ण रस्ता आहे. पण पाण्याची पाइपलाइन जशी मधल्या पाइपात फुटत नाही, जोडावर गळते, तसंच इथेही आहे, मुलगा एका टप्प्यातून दुसऱ्यात जातो तिथे गळती होते. घरातून शाळेत येताना, प्राथमिकमधून हायस्कूलला जाताना, दहावीतून पुढे, गावातून शहरात. मदत करायची तर या जोडांवर करायला पाहिजे, आणि आपण मात्र पाइपाला रंग देत बसतो.

पहिला जोड अगदी पहिलीच्या पहिल्या दिवशी येतो, तो म्हणजे भाषा. आपल्याला वाटतं महाराष्ट्रातली मुलं म्हणजे थोडीफार मराठी येतच असणार, बोली वेगळी असेल इतकंच. काही ठिकाणी ते खरंही आहे, वारली किंवा कातकरी मुलाला मराठी निदान ओळखीची वाटते, भिली, पावरी, मावची बोलणाऱ्यांना सुद्धा धागा सापडतो. पण मेळघाटातली कोरकू भाषा मराठीच्या कुळातली नाहीच, ती मुंडा भाषांच्या कुटुंबातली आहे, संथाली-मुंडारीची नातेवाईक. गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, तेलुगू-कन्नडच्या घराण्यातल्या. म्हणजे धारणीच्या एखाद्या गावात सहा वर्षांचं पोर वर्गात बसतं तेव्हा त्याच्यासाठी मास्तरांचं बोलणं हे तुमच्या-माझ्यासाठी तमिळ जसं असेल तितकं परकं असतं, आणि त्याच भाषेत त्याला वाचायला, लिहायला, बेरीज करायला शिकायचं असतं, एकदम. ते गप्प बसतं. गप्प बसलं की शिक्षकाला वाटतं मंद आहे, घरच्यांना वाटतं आपल्या पोराला जमत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चौथी-पाचवीपर्यंत त्या पोरालाही तसंच वाटायला लागतं. फळ्यावरचं बघून वहीत सुंदर अक्षरात उतरवणारी पण वाचता न येणारी मुलं आश्रमशाळांमध्ये दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

कायदा याबाबतीत चांगला आहे बरं का. राज्यघटनेच्या ३५० क कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं १९५६ पासून लिहिलेलं आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं म्हटलंय, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच. अडतं ते माणसांवर, कोरकू किंवा माडिया येणारे शिक्षक कमी, बाहेरून आलेला शिक्षक भाषा शिकेपर्यंत बदलीची वाट बघायला लागतो. म्हणून जिथे फरक पडलाय तिथे बघितलं तर सुरुवात मुलाच्या बोलण्यापासून केलेली दिसते, गावातलीच बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा वर्गात मदतीला घेतलेला दिसतो, गोष्टी-गाणी तिथलीच घेतलेली दिसतात आणि मराठीकडे हळूहळू, दोन-तीन वर्षांत नेलेलं दिसतं. हे काही नवीन शोध नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं तेव्हा वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांकडे नेली, अंगणात नेली, गुरं चारायला गेलेल्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, साधनं म्हणून शंखशिंपले, बिया, पानं. अलीकडे लोकबिरादरी प्रकल्पानं भामरागड तालुक्यातल्या नेलगुंड्यात शाळा काढली तिथेही माडिया भाषेला वर्गात जागा आहे. आणि गडचिरोलीतच धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा उघडली, पुढे शिक्षण विभागानं तिला अनधिकृत ठरवलं आणि गाव हायकोर्टात गेलं. लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही असं जे सर्रास बोलतात ना, त्यांनी या गावाकडे बघावं.

दुसरा जोड म्हणजे घर सुटणं. आश्रमशाळा निवासी असते, पहिलीपासून. सहा वर्षांचं लेकरू दहा-पंधरा-चाळीस किलोमीटरवर नेऊन सोडायचं, आणि मग ते दिवाळीला आणि होळीला घरी. पाडे इतके विखुरलेले असतात की प्रत्येक ठिकाणी शाळा चालवणं अवघड, आणि घरी दोन वेळचं खायची मारामार असेल तर शाळेत जेवण मिळतं हे आईबापासाठी फार मोठं असतं, म्हणून आश्रमशाळा वाईटच असं मी अजिबात म्हणणार नाही, आज जे आदिवासी डॉक्टर, शिक्षक, अधिकारी दिसतात त्यातले कितीतरी याच शाळांतून आलेत. पण दीड-दोनशे मुलांमागे एक अधीक्षक आणि मुलींसाठी एक अधीक्षिका, तीही असली तर, अशा ठिकाणी रात्री ताप भरलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवायला कोण असणार? खरूज, ताप, साप-विंचू, मुलींच्या पाळीच्या वेळचे प्रश्न, बंद पडलेला बोअर आणि म्हणून आंघोळीला नदीवर जाणं, या गोष्टी शिक्षणाच्या बाहेरच्या समजल्या जातात आणि मुलं याच गोष्टींमुळे पळून घरी जातात. सणाला घरी गेलेलं पोर परत आलं नाही तर चार दिवसांनी पाड्यावर जाऊन विचारपूस करणारा एक माणूस असणं हे एखाद्या डिजिटल क्लासरूमपेक्षा जास्त मुलं वाचवतं असं माझं ठाम मत आहे.

आणि होळीचं सांगायचं तर सातपुड्यात होळी ही आपल्यासारखी एका संध्याकाळची नसते, गावोगावच्या होळ्या, होळीआधी भरणारे भोंगऱ्याचे बाजार, नाच, सगळं मिळून कितीतरी दिवस चालतं, घाटाखाली कामाला गेलेली माणसंही होळीला परत येतात. त्याच्या आगेमागेच मोहफुलं वेचायचा हंगाम, मग तेंदूपत्ता. आणि आपल्या परीक्षा बरोबर मार्च-एप्रिलमध्ये. ज्या घरात वर्षभराचं रोख उत्पन्न या दोन महिन्यांत येतं तिथलं पोर पहाटे टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली असणार की वर्गात, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. वेळापत्रक थोडं स्थानिक करणं हा बिनपैशाचा उपाय आहे, पण पुण्या-मुंबईत ठरलेल्या कॅलेंडरपुढे कोणाचं चालत नाही.

स्थलांतराचा प्रश्न याच्याच पोटातला. पावसाळा संपला, भात निघालं की जव्हार-मोखाडा-विक्रमगडची कुटुंबं वसई-भिवंडीकडे, कातकरी वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला, नंदुरबारची उसाला, गुजरातकडे. पावसाळ्यातच घरात मीठमिरचीला पैसे नसतात तेव्हा मुकादम किंवा भट्टीमालक उचल देऊन ठेवतो, आणि ती फेडेपर्यंत जोडपं बांधलेलं. पोरं बरोबर जातात, आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते. यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, म्हणजे आईबाप गेले तरी मुलानं गावात आजीकडे किंवा शाळेत राहावं आणि तिथे त्याला जेवण मिळावं, आणि मूल बरोबर गेलंच तर नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड. दोन्ही कल्पना चांगल्या, पण दिवाळीनंतर लगेच कुटुंबं निघतात आणि मंजुरी उशिरा आली की मुलं तोवर भट्टीवर पोचलेली असतात. भट्टी जिथे असते तिथल्या लोकांनी, म्हणजे भिवंडी-पनवेल-वाड्याच्या आसपास राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी, जवळच्या झेडपी शाळेच्या मास्तरांना नुसतं जाऊन सांगितलं की अमुक भट्टीवर इतकी पोरं आहेत, तरी काम पुढे सरकतं. कायद्यानं शाळेला त्यांना दाखल करून घ्यावंच लागतं, मधल्या सुट्टीचं जेवण द्यावं लागतं, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

नर्मदेच्या काठी मात्र शाळाच नसल्यागत परिस्थिती होती. सरदार सरोवराच्या पाण्यात गावं बुडत होती तेव्हा अक्कलकुवा-धडगावच्या दुर्गम भागात नर्मदा बचाओ आंदोलनानं नव्वदच्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या, लढाई-पढाई साथ साथ ही त्यांची घोषणा. बोटीनं जायचं, झोपडीसारखी शाळा, पावरी-भिलीतून सुरुवात, आणि शिकवण्यात आपली नदी, आपलं जंगल, आपला हक्क. गावानं स्वतःच्या हातानं शाळा उभी केली म्हणून पाणी चढलं की गावच ती उचलून वरच्या अंगाला परत बांधायचं. आंदोलनाबद्दल कोणाचं काहीही मत असो, पण शाळा ही गावाची वाटली की लोक ती कशी जपतात हे तिथे दिसतं.

आता आठवी ते दहावी. इथे सगळ्यात जास्त मुली सुटतात. गावात चौथी किंवा सातवीपर्यंत शाळा, पुढे चालत आठ-दहा किलोमीटर, मध्ये ओढा, आणि वयात आलेली मुलगी. त्यासाठी मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी बस सुरू झाल्या, मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी, आणि जिथे ती बस वेळेवर येते तिथे मुली शिकतात, जिथे रस्त्यामुळे ती फाट्यावरूनच परत फिरते तिथे लग्नं होतात. इतकं सरळ गणित आहे. दहावीला गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत मुलं अडकतात आणि नापास झालो म्हणजे संपलं असं समजून कामाला लागतात. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीनं अकरावीला प्रवेश मिळतो, हे शहरातल्या प्रत्येक घराला माहीत असतं आणि पाड्यावर कोणालाच माहीत नसतं. निकालाच्या आठवड्यात फक्त ही एक माहिती घेऊन कोणी शंभर घरी गेलं तरी त्यातली किती पोरं परत बसतील!

यानंतरचा जोड शहरातल्या माणसाच्या कल्पनेबाहेरचा आहे, कागद. जातीचा दाखला प्रांत ऑफिसमधून मिळतो, पण इंजिनिअरिंग, मेडिकल अशा कोर्सला तेवढ्यानं भागत नाही, त्याची पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी लागते. हा नियम उगाच केलेला नाही, खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा आणि नोकऱ्या दुसऱ्यांनी घेतल्या म्हणून २००० साली राज्यानं त्यासाठी कायदाच केला, आणि तो आदिवासींच्याच भल्यासाठी आहे. पण त्याचा जाच खऱ्या आदिवासी मुलालाही होतो. कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून इथलंच असल्याचा पुरावा द्यायचा असतो, आणि सगळ्यात भारी पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. आता ज्या घरात शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी, तिथे आजोबांचा दाखला कुठून येणार? मग जमिनीचे जुने महसुली उतारे शोधा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचं कोतवाल बुक शोधा, वंशावळ लिहा, भावकीत कोणाला व्हॅलिडिटी मिळालीय का बघा, तशी असेल तर काम बरंच सोपं होतं. पडताळणी समिती चालीरीती, देव, लग्नाच्या पद्धती यावरही प्रश्न विचारते, त्यावर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या प्रश्नांच्या उत्तरांवरच सगळा निकाल ठरवता येणार नाही. अकरावीतच हे प्रकरण दाखल केलं तर बारावीनंतरच्या प्रवेशापर्यंत हातात कागद असतो, बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर वर्ष जातं. हुशार पोरांची वर्षं या एका कारणानं गेलेली मी बघितलीयत, मेडिकलच्या नीट परीक्षेच्या मार्कांमुळे नाही, आणि ते बघणं फार त्रासाचं असतं.

स्कॉलरशिपचंही तसंच. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरायचा, पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि आधारवर नाव एक, शाळेत दुसरं, बँकेत तिसरं. कोणीतरी कारकुनानं वीस वर्षांपूर्वी वडिलांचं नाव जसं ऐकलं तसं लिहिलं आणि त्याची किंमत आज मुलगी भरतेय.

मग शहर. आदिवासी वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाही लागला तर स्वयम योजनेतून राहण्या-खाण्याचे पैसे खात्यात येतात, पण ते हप्त्यांनी आणि बरेचदा उशिरा, आणि रूमवाला डिपॉझिट पहिल्या दिवशी मागतो. २०१८ मध्ये वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. बातम्यांत ते आंदोलन दोन दिवस दिसलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, आम्हाला अभ्यासाला आल्यावर ताटात जेवण हवंय, पैसे कधी येतील याची वाट बघत उपाशी राहायचं नाहीये. एकोणीस वर्षांची, घरी हजार रुपयांचीही चणचण असलेली मुलं, त्यांच्या खात्यात पैसे आले की ते आईच्या दवाखान्याला जातात, मग पोरगा वडापाववर महिना काढतो. योजना आखणाऱ्याला हे दिसत नाही कारण त्याच्या घरून कधी असा फोन येत नाही.

आता लाइफ स्किल्स, जीवनकौशल्यं, हा शब्द आजकाल प्रत्येक एनजीओच्या प्रोजेक्टमध्ये असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं नव्वदच्या दशकात दहा कौशल्यांची यादी केली, स्वतःची ओळख, दुसऱ्याचं दुःख समजणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, नीट बोलणं, चिकित्सक विचार, ताण सांभाळणं वगैरे. यादी चांगली आहे. पण ती पाड्यावर नेताना आपण मनातून असं धरून चालतो की या मुलांकडे काहीच नाही आणि आपण द्यायला चाललोय, आणि इथे माझा जोरदार आक्षेप आहे. चौदा वर्षांची माडिया मुलगी कोणतं कंद उकडून खायचं आणि कोणतं राखेत ठेवून कडूपणा घालवायचा हे जाणते, पोरं नदीचं पाणी बघून होडी घालायची की नाही ठरवतात, गावातलं भांडण सगळे बसून मिटेपर्यंत उठत नाहीत हे ती लहानपणापासून बघत आलेली असतात. निर्णय, सहकार्य, धीर, सगळं आहे. त्यांना कमी पडतं ते आपल्या व्यवस्थेशी झुंजायचं कौशल्य, आणि ती व्यवस्था त्यांनी बनवलेली नाही.

म्हणून खरी जीवनकौशल्यं काय तर माझ्या मते अशी. साहेबासमोर बसून न घाबरता आपलं काम सांगणं आणि अर्ज दिला की त्याची पोच मागणं. उचल किती घेतली, किती फिटली, मजुरी किती झाली याचा हिशोब मुकादमाच्या वहीवर न सोडता आपल्या वहीत ठेवणं. ओटीपी कोणाला न देणं, मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या अॅपच्या नादी न लागणं. मुलींनी, आणि मुलांनीही, नको म्हणता येणं, लग्नाचं वय, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा काय आहे, मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर. शहरात कोणी आडनावावरून, रंगावरून, बोलण्यावरून हसलं तर ते मनात ठेवून न कुढता कोणाशी तरी बोलणं.

आणि सिकलसेल. हा विषय मी मुद्दाम थांबून सांगतोय कारण नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, अमरावतीकडच्या पट्ट्यात तो घरोघरचा आहे. हा रक्ताचा आनुवंशिक आजार, लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे सांधे-हाडं भयंकर दुखतात, रक्त कमी होतं. एका पालकाकडूनच जनुक आलं तर माणूस वाहक, त्याला सहसा त्रास होत नाही, आणि म्हणूनच त्याला माहीतही नसतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की बाळाला आजार होईल. तपासणी साधी असते, आधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली तर पक्की करणारी दुसरी टेस्ट, सरकारी दवाखान्यात फुकट होते, २०२३ पासून केंद्राची वेगळी मोहीमही सुरू आहे. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलामुलीला आपण वाहक आहोत का हे माहीत असणं आणि त्याची लाज न वाटता लग्न ठरवताना ते बोलता येणं, यापेक्षा मोठं जीवनकौशल्य त्या भागात मला तरी सुचत नाही. आणि आजार असलेल्या मुलाला वर्गात दुखायला लागलं तर तो नाटक करत नाहीये हे शिक्षकाला कळलं पाहिजे, त्याला पाणी पिऊ द्या, थंडीत उघड्यावर उभं करू नका, दमवू नका.

हाताच्या कौशल्यांसाठी पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम बघण्यासारखं आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये ते सुरू केलं आणि तिथून शाळांसाठी एक अभ्यासक्रम निघाला ज्यात मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्न-आरोग्य हे प्रत्यक्ष करून शिकतात आणि गावाची छोटी कामं पैसे घेऊन करून देतात. आश्रमशाळांत हे फार शोभतं, कारण तिथे मुलं राहायलाच असतात, जागा असते, आणि शाळेचाच बंद पडलेला सोलर आणि गळका नळ रोज समोर असतो. वर्गात गप्प असलेलं पोर वर्कशॉपमध्ये चार जणांना समजावून सांगताना दिसतं तेव्हा शिक्षकांचंही मत बदलतं.

शेवटी एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. आपण शिक्षण म्हणजे गावातून सुटका असं धरतो, शिकला की शहरात नोकरी, आणि मग ज्याला नोकरी मिळाली नाही तो घरी परत आला की सगळ्यांना वाया गेलेला वाटतो. पण गेल्या वीसेक वर्षांत गावातच शिकलेल्या पोरांची गरज प्रचंड वाढलीय. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आला, जंगलावरचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदा आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होतं, आणि २०११ मध्ये तर बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. हे गाव आधी कितीतरी वर्षं अभ्यासगट चालवत होतं, संध्याकाळी बसून कायदा वाचायचा, समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं पण निर्णय आपणच आणि तोही सगळ्यांच्या संमतीनं घ्यायचा. प्रौढांचं इतकं खरं शिक्षण मला दुसरीकडे फार दिसलेलं नाही. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. पेसा भागातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला, म्हणजे बजेटमध्ये आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशातला, ५ टक्के निधी थेट मिळतो.

आता या सगळ्याला काय लागतं बघा. टेंडर वाचता येणारा, ठराव लिहिणारा, जीपीएसनं हद्द मोजणारा, पासबुक आणि व्हाउचर नीट ठेवणारा, ऑडिटला उत्तर देणारा, व्यापाऱ्याशी भावावर बोलणारा माणूस. हे काम बारावी झालेली तिथलीच मुलगी उत्तम करू शकते, तिला भाषा येते, जंगल माहीत असतं, माणसं ओळखीची. पण अकरावी-बारावीत तिला यातलं एक अक्षर शिकवलं जात नाही. ग्रामसभेचा हिशोब कॉमर्सच्या वर्गात का नको, वनहक्काचा दावा राज्यशास्त्राच्या तासाला भरून का बघू नये? हे झालं तर शिक्षणाचा उपयोग काय हा पालकांचा जो प्रश्न असतो ना, आणि तो अगदी रास्त प्रश्न आहे, त्याला गावातच उत्तर मिळतं.

तुम्हाला काही करायचंच असेल तर ठोस सांगतो. पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, ठाणे अशा ठिकाणी राहत असाल तर आदिवासी मुलामुलींचं सरकारी वसतिगृह तुमच्यापासून फार लांब नसेल. तिथे गृहपाल असतात, त्यांची परवानगी घेऊन भेटा, पहिल्या वर्षाला आलेल्यांना काय अडतंय ते विचारा. बहुतेक उत्तरं अशी येतील, इंग्रजीतलं पुस्तक कळत नाही, बँक खात्याला आधार जोडलेलं नाही, व्हॅलिडिटीला वकिलासारखं कोणीतरी समजावून सांगणारं पाहिजे, प्रोजेक्टला लॅपटॉप नाही. यातलं एकच काम घ्या आणि वर्षभर धरून ठेवा, एका दिवसाचा कार्यक्रम आणि ग्रुप फोटो नको. मुलींचं वसतिगृह असेल तर बाईनंच जावं, दोघींनी मिळून जावं. पैसेच द्यायचे असतील तर एखाद्या मुलाचं रूमचं डिपॉझिट किंवा योजनेचा हप्ता येईपर्यंतचे मेसचे पैसे द्या, गृहपाल किंवा कॉलेजमार्फत द्या म्हणजे हिशोब राहतो. प्रवेशाचा काळ जून ते ऑगस्ट, त्या तीन महिन्यांत केलेली मदत सगळ्यात जास्त उपयोगी पडते, आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी एकदा विचारून ठेवा, परत येताय ना, तिकिटाचे पैसे आहेत ना.